धावता आढावा

साहेब म्हणाले, दोन पानं पुरेत.
स्मरणिकेत पुढं मान्यवरांचे संदेश, मागं जाहिराती;
मधे जिल्हा बसवा.

तर, जिल्हा.
पश्चिमेला समुद्र. उत्तरेला राजधानी,
म्हणजे मांडव्याच्या धक्क्यावरून रात्री
ढगांच्या पोटाला लागलेला दिसतो तो नारिंगी उजेड.
पूर्वेला सह्याद्री. दक्षिणेला आम्ही फारसे जात नाही,
तिकडं बाणकोटची खाडी आहे असं नकाशा म्हणतो.

एकतीस वर्षं साखळी ओढली या जमिनीवरून.
भूकरमापकाला विचाराल तर जिल्हा म्हणजे
सातबाऱ्यांचा एक गठ्ठा,
निम्मी पानं खाऱ्या हवेनं एकमेकांना चिकटलेली.

मुख्य पीक: भात. रकान्यात भातच आहे.
खारेपाटात एका गटाच्या मोजणीला
होडीतून गेलो होतो, हेमा पाटलिणीसोबत.
त्या उधाणाला खांड गेली, ती म्हणाली,
आणि पाण्याकडं बोट दाखवत राहिली:
हा बांध. ही उघाडी. हे आमचं खळं.
मी वही काढली. मोजू काय?
कांदळात एक बगळा होता, मोजण्याजोगा.
कागदावर तिथं अजून भात पिकतो,
दरवर्षी, वेळेवर,
एक दाणा न सांडता.

इतर उत्पादने: मीठ (होतं).
पांढरा कांदा, वेणीत गुंफलेला.
पेणचे गणपती, जे डोळे आखण्याआधीच
आगाऊ रकमेवर राजधानीचे झालेले असतात.
डोंगर, डंपरनं. तिला समुद्रात पाय पसरायचे
तर भर लागते.
पाणी, नळानं.
मुलं, पहिल्या बोटीनं.

हे शेवटचं खोडलं. उत्पादनात धरत नाहीत.

लोक: आगरी, कोळी, कातकरी, आणखी पुष्कळ.
शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांपैकी
आमच्या आळीत एझ्रा नवगावकर तेवढे उरले.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
ते एकटे जातात, दिवे पुसतात, कुलूप लावून येतात.
बारकी हिलमचा पत्ता कुठल्याच रकान्यात बसेना:
पावसाळ्यात वाडीवर, दिवाळीनंतर कोळसाभट्टीवर,
मधे कुठंही. मी ‘स्थलांतरित’ लिहिलं,
तिला वाचून दाखवलं.
“मी हयच हाय,” ती म्हणाली. “तुमीच फिरता.”

प्रेक्षणीय स्थळे सगळ्यांना पाठ आहेत.
मी एकच लिहितो.
अलिबागेत चुंबकसुईची वेधशाळा आहे.
पूर्वी सुई राजधानीत होती. तिथं विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या,
सुई थरथरेल, म्हणून तिला इकडं हलवलं,
लोखंड टाळून घर बांधलं तिच्यासाठी.
शंभराहून जास्त वर्षं ती इथं शांत बसून आहे
आणि बघते उत्तरेकडं,
इथल्या सगळ्यांसारखी.

तिकडं खुळ्याला विचारतात, अलिबागहून आलास का?
मंत्रालयातल्या एका खिडकीवर मलाही विचारलं.
मी हो म्हणालो.
कारकून हसला, मग हसायचा थांबला,
मग त्यानं बसायला खुर्ची दिली. काम नाही झालं.

राहिलं क्षेत्रफळ.
छापील आकडा आहे, तोच घालतील.
पण काल तिन्हीसांजेला खाडीवर गेलो तेव्हा
सुकती लागली होती. चिखल उघडा पडत होता,
एकरामागून एकर, चकाकत.
निवट्या उड्या मारत होत्या,
बायका गुडघाभर उतरून
बिळांत कोपरापर्यंत हात घालत होत्या,
कुणाच्याच नावावर नसलेल्या जमिनीत.
त्यातल्या एकीनं मान वर केली. हेमाच ती,
हातात चिंबोरी, नांग्या धरलेली.

“मोजाचं त आताच मोज,” म्हणाली,
“पानी येल.”