तीन कोठ्या, सावदा

रात्री दोन चाळीसला वीज गेली,
तीनला आली.
मधली वीस मिनिटं केळीला कळत नाहीत.
यंत्राला मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एक नंबरच्या कोठीत वायकोळे सरांच्या हातचं जुनं.
प्रत्येक फाइलच्या कपाळावर त्यांनी आकडा लिहिलेला:
दहा घड्याळ, वीस नेटवर्क, तीस पंखा, चाळीस गॅस.
पंगतीत वाढावं तसं,
बट्टी आल्याशिवाय वरण नाही.
आणि एकदा उठवलं की मागं बघत नाही.
गेल्या मे महिन्यात पंखा मेला
तरी सकाळपर्यंत त्याच्या हिशेबी तो जिवंतच.

दोन नंबरला सिस्टिमडी.
सगळ्यांना एकदम हाक मारतं,
कोण कुणावाचून अडलंय ते त्याला पाठ.
घड्याळ त्याचं, वही त्याची, दाराची कडीही त्याचीच.
वही साध्या डोळ्यांना लागत नाही,
त्याच्याकडूनच वाचून घ्यावी लागते.
अकरा सेकंदांत उभं राहणारं,
पण काल राउटर उठेना, तर पडद्यावर
लाल ठिपका येरझाऱ्या घालत बसला. दीड मिनिट.
सावद्याच्या उन्हाळी रात्री
कोठीच्या दाराशी उभं राहून मोजावं ते.

तीन नंबर माझं. रनिट.
त्याला फार काही येत नाही.
एकेका कामाशेजारी एकेक राखणदार.
पडलं की उठव, पडलं की उठव,
का पडलं ते विचारायचं नाही.
सकाळी सहाला पाहिलं, तर तापमानाचा सेन्सर
दहा हजार आठशे सात वेळा मेलेला
आणि तितक्याच वेळा उठवलेला.

तिन्हींत एक सारखं:
ज्याला उठवणारा मधेच मरतो
ते पोरकं काम शेवटी
सर्वांत आधी उठलेल्याच्या पदरात येतं.
सर गेले, त्यांचं यंत्र माझ्याकडे आलं.
चाळीसच्या फाइलीत त्यांची एक ओळ आहे,
यंत्र ती वाचत नाही:
"गॅस सोडण्याआधी कोठीत कोणी आहे का, हाक मारून बघ."
मी हाक मारतो.

ढाके शेठ मिस्री लावत आले.
"तिघातलं चांगलं कोनतं ते सांग मले,
बाकीचे दोन काढी फेक."

मी तीन नंबरच्या मागं वाकलो, वायर ओढली.
उंदरानं कुरतडलेली, तांबं उघडं.
चिकटपट्टी गुंडाळली. आकडा थांबला.

म्हटलं, शेठ, आधी पिंजरा आणा.