गुडघ्याच्या वेगाने

पळून जायचं ठरलं
आणि सगळ्यात आधी मी आईला फोन केला:
गुडघा कसा आहे?

शेहेचाळिसाव्या वर्षी असंच पळता येतं.
घडीची खुर्ची, रक्तदाबाची गोळी,
नादेजचे जास्तीचे मोजे
आणि डब्यात खाऱ्या माशाचे वडे, कारण
उपाशी पोटी माझी आई कुणाला आशीर्वाद देत नाही.

मुहूर्त विल्नेरच्या दोन बसफेऱ्यांमधला.
सूट नवा, बूट मात्र ड्यूटीचेच,
ब्रेक दाबून दाबून उजवा जरा जास्त झिजलेला.
हैतीतल्या त्याच्या मावश्यांना कळवलं नाही.
कळवलं असतं तर चारशे माणसं झाली असती.
माझ्या चुलत्यांना कळवलं असतं
तर चारशे माणसं आणि एक भांडण.

नेवार्कच्या या बागेत चेरी अशी फुललीय
की फांद्या कुठे होत्या ते आठवावं लागतं.
पलीकडे हायवेची घरघर,
शाळेची सहल, कुत्री, ड्रोन उडवणारा एक मुलगा
आणि यंत्राने फुंकून पाकळ्या गोळा करणारा बागेचा माणूस.
आम्हाला पाहून त्याने यंत्र बंद केलं.
टोपी काढावी की नाही ते ठरेना,
म्हणून अर्धी काढून धरली.

न्यायाधीश बाई जेवणाच्या सुट्टीत आल्या.
घाई नाही, म्हणाल्या,
घड्याळ बघत.

तेवढ्यात वाऱ्याने परवाना उडवला.
नऊ वर्षांची नादेज धावली,
कागदावर पाय ठेवून उभी राहिली
आणि मिनिटभर तशीच.
पाय काढ, विल्नेर म्हणाला. काढेना.
माणसं उडून जातात हे तिला माहीत आहे.
तिच्या आईबद्दल आम्ही फार बोलत नाही.
माझ्या सहीखाली अजून तिच्या बुटाची जाळी दिसते.

आईचं लग्न मुर्तोझात झालं, अडुसष्ट साली,
मुखत्यारपत्राने.
वेदीपाशी बाबांच्या जागी त्यांचा धाकटा भाऊ,
उसन्या कोटात घामेजलेला.
भावाच्या वतीने 'हो' म्हणाला
आणि बाहेर पायरीवर सिगरेट ओढत बसला.
बाबा तेव्हा इथे, याच शहरात,
रात्रपाळीत पिंपं धूत होते.
सात महिन्यांनी विमानतळावर दोघांनी एकमेकांना शोधलं,
तिच्या हातात त्यांचा फोटो, त्यांच्या हातात तिचा,
दोन्ही जुने.
आपल्या लग्नात नवरा कसा दिसत होता
हे सांगताना आई दिराचं वर्णन करते.

हे सगळं मला पाठ होतं.
तरी ती खुर्चीतून का उठली ते कळलं नाही.
बाईंनी विल्नेरला विचारलं,
त्याने श्वास घेतला,
आणि आई हात टेकत उठली. गुडघा वाजला.
चार पावलं, मध्ये एकदा थांबून.
तिने त्याचं कोपर धरून दाबलं,
पाव ताजा आहे का ते बघतात तसं.

"हा स्वतः आलाय?"

पोर्तुगीजमध्ये विचारलं, न्यायाधीश बाईंना,
ज्यांना ती येत नव्हती.
विल्नेरलाही अजून येत नाही.
तो म्हणाला, "हो."

तेच उत्तर बाईंनी धरलं.

मग आईने वडे वाटले, टोपीवाल्यालाही दोन.
पाकळ्यांचं यंत्र पुन्हा सुरू झालं.
खुर्चीची घडी मिटेना, ती नादेजने डोक्यावर घेतली.
पार्किंगपर्यंत पळायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली.
मागावर कुणी नव्हतं.