पान त्रेसष्टपर्यंत

साकाताच्या बंदरामागे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात,
शंभर येनच्या खोक्यातून मी उचललं
दीपगृहात राहणाऱ्या एका मांजराचं पुस्तक.
वयोगट नऊ ते बारा.
मी एकेचाळीस.
"मुलासाठी?" इगाराशीबाईंनी विचारलं.
मी मान हलवली, आपली ती मान,
हो की नाही, त्यांना कळलं नसावं.

पहिल्याच पानावर पेन्सिल.
अवघड चिनी अक्षरांच्या कडेला
कुणीतरी बारीक अक्षरात काना लिहून ठेवलेली.
काना ही त्यांची सोपी लिपी,
पण मला तो शब्द ऐकला की अजून
'क'ला काना 'का' म्हणणारा आमचा पहिलीचा वर्ग ऐकू येतो.
मुळाक्षरंही तशीच, आ का सा ता ना हा मा:
जिना आपलाच,
मधल्या पायऱ्या कुणी काढून नेलेल्या.

हात लहान मुलाचा होता.
घाईत त्याचा 'सा' उलटा पडायचा
आणि 'ची' होऊन बसायचा.
त्या हाताचं बोट धरून मी चालू लागले,
दिवसाला दीड पान.

रात्री खेळ.
जुनं यंत्र, वापरलेली कार्ट्रिज. चालू केली
तर आत आधीच कुणीतरी राहत होतं:
ताकुतो, पातळी तेवीस, एकतीस तास,
मुक्काम दलदलीच्या गावात.
यंत्राने विचारलं, पुसून टाकायचं?
'हो' आणि 'नाही' यांतला फरक
मी तिथे शिकले, हाताला घाम फुटून.
ताकुतोला राहू दिलं. शेजारची जागा घेतली.

खेळाने दिले शाप, उतारा, तटबंदी, राक्षसांचा राजा,
"तुझ्या पिशवीत आता जागा नाही."
गॅसचं बिल वाचता येत नव्हतं,
पण अजगराचं विष कोणत्या पाल्याने उतरतं
ते मी कुणालाही सांगू शकले असते.

मग एका सकाळी, वृद्धनिवासात, तिसऱ्या मजल्यावर,
सुगावारा आजोबा गोळी घेईनात.
माझ्या तोंडून निघून गेलं,
"वीरा, हे औषध प्राशन कर. तुझं बळ परत येईल."
हात्सुनेच्या हातातला ट्रे तसाच राहिला.
आजोबांनी माझ्याकडे पाहिलं,
चमचा तलवारीसारखा उपसला
आणि गोळी गिळली.
"मोक्के दानो," म्हणाले.

हा शब्द शब्दकोशात नव्हता.
रात्री खेळातली चार गावं हिंडले,
लोहार, पुजारी, विहिरीवरची म्हातारी,
कुणीच तसं बोलत नव्हतं.
दुसऱ्या दिवशी हात्सुने हसली.
आमच्याकडचं आहे, म्हणाली, इथलं.
आभार मानायचे, पण थोडं ओशाळून.

मांजर एव्हाना वादळात सापडलेलं.
त्यांचं क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं,
नकार त्याच्याही मागून,
म्हणून वाक्य संपेपर्यंत कुणी मेलेलं नसतं.
पान त्रेसष्ट, शेवटची ओळ:
*त्या रात्री मांजर समुद्रात बुडालं*
पान उलटलं.
*नव्हतं.*

आणि पेन्सिलही नव्हती.
चौसष्ट कोरं. पासष्ट कोरं. शेवटपर्यंत.
मांजर बुडालं समजून त्याने पुस्तक मिटलं का?
की पुढची अक्षरं त्याला यायला लागली?
की बाहेर कुणी खेळायला हाक मारली?
उलट्या 'सा'ला काय विचारणार.

पेन्सिल घेतली. वादळ या अक्षराशेजारी
माझी पहिली काना लिहिली, वाकडी.
मग शिडी. मग कंदील.
फेब्रुवारी संपला तेव्हा मांजर किनाऱ्याला लागलं.

पुस्तक परत दुकानात नेलं,
त्याच खोक्यात ठेवा म्हटलं.
"मुलाने वाचलं?"
"त्रेसष्टपर्यंत," मी म्हणाले. "पुढचं मी."
इगाराशीबाईंनी चश्मा लावला,
बऱ्याच वेळ पानं चाळली,
"आत लिहिलंय," म्हणाल्या,
आणि चिठ्ठीवरचे शंभर खोडून
ऐंशी केले.