द्या

चुनाभट्टीच्या आमच्या तंत्रनिकेतनाचं
परवा विद्यापीठ झालं.
म्हणजे लेथ त्याच, सहा नंबरची अजून डावीकडे ओढते,
कूलंटचा वास तोच, आंबट,
माझ्या खाकी डगल्यातून धुऊनही न जाणारा.
फक्त पाटी नवी हवी होती
आणि सोमवारी साहेब येणार होते.

अक्षरं आपलीच पोरं कापतील, असं मीच म्हणालो.
तोंड आवरत नाही माझं, बायकोही म्हणते.
तीन मिलिमीटरचं स्टील, देणगीतलं नवं सीएनसी,
अजून अर्धं प्लास्टिकमध्ये.
मशीननं वि कापला, वेलांटीसकट, लोण्यासारखा.
पीठ कापलं.
मधल्या जोडाक्षरापाशी मात्र अडलं:
द चा पाय मोडून, शेजारी य सुटा उभा केला,
जणू दोघांची ओळखच नाही.
तीनदा केलं. तीनदा तेच. पत्रा गेला.

शनिवारी दुपारी फाटकावर होतं
वि, मग हातभर भोक, मग पीठ.
इलेक्ट्रिकलच्या पोरांनी फोटो काढले.
वॉचमन विचारत होता,
दळण किती वाजेपर्यंत घेता?

नाझनीन मुकादम, दुसरं सेमिस्टर, डावखुरी.
वडील भाऊच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं उघडतात.
म्हणाली, सर, हातानं होईल.
मी म्हणालो, होईल. रविवार जाईल.
गेला.
तिनं आधी कागदावर द्या लिहिला, शाळेतल्यासारखा,
द च्या पोटातून निघालेला य,
मग पत्र्यावर आखणीच्या सुईनं ओरखडा,
पंचाचे ठिपके,
मग ड्रिल, भोकाला भोक चिकटवत,
मग छिन्नी. मग कानस.
कानशीचा आवाज ज्याला सोसतो त्यानंच इथे यावं,
बाकीच्यांनी बँकेच्या परीक्षा द्याव्यात.

मला डाबरे सर आठवले.
माझा पहिला जॉब, पन्नास बाय पन्नासचा चौकोन,
एकवीस दिवस घासलेला,
गुण्याला लावून त्यांनी खिडकीकडे धरला.
पात्याखालून एक पांढरी रेघ आली.
‘काय उजेड पाडलास,’ म्हणाले,
आणि भंगारच्या डब्यात टाकला.
तेव्हा वाटलं, टोमणा आहे.
टोमणा होताच. पण मापही होतं ते.
बाकीचं जग उजेड मागतं,
आमच्याकडे उजेड दिसला की समजायचं, चुकलं,
एक केस, अर्धा केस, घास अजून.
सुतावरून स्वर्ग गाठणारे वरच्या मजल्यावर बसतात.
इथे आधी सूत गाठायचं.

रात्री साडेआठला द्या जागेवर चढला.
नाझनीन शिडीवर, मी शिडी धरून.
बोल्ट आवळता आवळता म्हणाली,
सर, वरच्या रेघेत फट राहिली.
खरं होतं. वि आणि द्या यांच्यामध्ये चांगली सूतभर,
आणि पलीकडचा रस्त्यावरचा दिवा
तेवढ्यातून बरोब्बर आत येत होता.
डाबरे सरांचं वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं.
तिची बोटं बघितली, नखांत लोखंडाचा किस,
अंगठ्याला चिकटपट्टी, तीही काळी.
म्हणालो, उतर. जेवायला उशीर झाला.

साहेब आले. रिबिनीची कात्री चालेना,
शेवटी शीटमेटलमधली पत्र्याची कातर मागवली.
भाषणात कौशल्य हा शब्द अकरा वेळा आला, आम्ही मोजला.
वर पाटीकडे कुणी पाहिलं नाही.

फट अजून आहे.
सुटल्यावर मी फाटकाखाली जरा थांबतो.
तो एकच द्या ओळीत नीट बसत नाही,
थोडा पुढे वाकलाय, हात केल्यासारखा,
मागतोय की देतोय, खालून कळत नाही.
नाझनीन म्हणते, दिवाळीच्या सुट्टीत काढून
पुन्हा घासू या का, सर?
मी म्हणतो, ये.
बारीक दाताची कानस आण.