सहा पॅनेल

मानेवाड्यात आमच्या गच्चीवर
आता सहा निळे पाट मांडलेत, उन्हाला जेवायला.
कुरडया वाळवायला जागा नाही,
वत्सला अजून घुश्शात.

बिल आलं एकशे तीस.
हप्ता बत्तीसशे.
लांजेवार म्हणे, "सात वर्षांनी सारं फुकट, भाऊ!"
सात वर्षांनी मी बहात्तरचा.
दर रविवारी धूळ पुसतो,
शिडी धरायला नातू.

काल भर दुपारी, सेहेचाळीस डिग्रीत
लाईन गेली. कुलर थांबला.
डोक्यावर ऊन धो धो,
अन् घरात पंखा हलेना.
काहून?
"ग्रिड बंद, तर हेही बंद," लांजेवार फोनवर.

शेजारचा कडुनिंब
चारनंतर पॅनेलवर सावली टाकतो.
फांद्या छाटा म्हणायला गेलो होतो;
त्याच्याखाली बसून आलो.