शटरचं भोक

गाडी गेली सिन्नरला, एका पोल्ट्रीवाल्याकडे.
तिच्याखालचा तेलाचा डाग मात्र राहिला.
सोडा, रॉकेल, लाकडाचा भुसा, सगळं करून झालं.
शेवटी ऋजुता म्हणाली, बाबा, वर गालिचाच येणार आहे.

दहा बाय अठरा. उंची साडेआठ.
एवढ्या जागेत ती थिएटर बसवणार होती.
मी प्रेसमधून रिटायर झालेला माणूस,
एकतीस वर्षं नोटा तपासल्या,
कागद उजेडाला धरून बघायचा, एवढंच मला येतं.
मला विचारलं, तर म्हणालो, करा.

मग आला गिरधारी, त्याचे दोन भाचे,
काचेच्या लोकरीची गाठोडी, आणि घरभर खाज.
वायरिंगला शकील,
आधीच्या वायरमनला नावं ठेवल्याशिवाय
त्याची पक्कड पिशवीतून निघेना.

हेमलता दारातच उभी. घराला काळं फासताय?
रंगारी म्हणाला, ताई, ह्याला चारकोल म्हणतात.
आमच्याकडे कोळसा म्हणतात, ती म्हणाली,
आणि चहा पाठवला, पण बिस्किटं नाही.

देवळालीची तोफ तरी आत आलीच,
लोकर, प्लाय, रबर, सगळं ओलांडून.
छातीत धप्प.
शकीलने वर बघितलं, मी अजून काही जोडलंच नाही, म्हणाला.
ऋजुताने वहीत लिहिलं:
तोफ, अजून ऐकू येते.

शनिवारी सकाळी अंधार तपासायचा होता.
दाराच्या फटीला गोधडी, झरोक्याला पुठ्ठा,
शटर ओढलं, जमिनीला टेकलं.
आपला हात कुठे आहे ते आपल्यालाच आठवावं लागेल
असं काळं.
आणि शटरमध्ये एक ठिपका.
शहाण्णव साली मीच पाडलेलं भोक, कडी बसवताना.
ड्रिल चुकलं होतं. कडी दुसरीकडे बसवली.

एम-सील आणते, ऋजुता म्हणाली.
थांब, म्हटलं.
का म्हटलं, माहीत नाही. सवय असेल.
आधी उजेडाकडे बघायचं, मग शिक्का.

दोन मिनिटं गेली. पाच.
समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, पडदा यायचा तिथे,
काहीतरी हललं.
हिरवं.
पगारांचा कडुलिंब, बुंधा वर, शेंडा खाली.
त्याच्याही खाली फिकं आभाळ,
रस्ता वर छताला चिकटलेला,
आणि त्या रस्त्यावरून, डोकं खाली करून,
भंगारवाला हातगाडी ढकलत चाललेला,
गाडीतलं एक डबडंही न सांडता.
ओरडत होता तो. आवाज मात्र सुलट.

कुणी बोललं नाही.
गिरधारीचा धाकटा भाचा हसला, मग थांबला.
पायरीवर मथुराबाई, मांडीत सूप,
सूप हलतंय, त्या हलताहेत,
सगळं आपलं उलटं, आणि निवांत.
नळाच्या पाइपवरून दोन वर्षं बोलत नाहीत दोघी.
हेमलता रंगाच्या पालथ्या बादलीवर बसून बघत होती.
बारीक झाली ही, म्हणाली.

सोमवारी शटरच्या आतून प्लाय ठोकलं.
भोकासमोर भोक ठेवा, मी म्हटलं.
गिरधारीने माझ्याकडे बघितलं,
जसं पैसे देणाऱ्याकडे बघतात तसं, आणि ठेवलं.
वाइनच्या बाटलीचं बूच ऋजुताने आणलं. घट्ट बसलं.

आता संध्याकाळी पिक्चर असतो,
पॉपकॉर्न, मऊ खुर्च्या, गालिचा.
सकाळी दहाला हेमलता बूच काढते.
परवा म्हणाली, तीन दिवस झाले,
मथुरा पायरीवर नाही.
जाऊन बघ की.
हं, म्हणाली. बसून राहिली बराच वेळ,
बूच मुठीत.
मग दार उघडलं, उजेड घुसला, सगळं पुसलं गेलं,
दार लागलं.

मी वाट पाहिली, डोळे रुळेपर्यंत.
कडुलिंब आला. आभाळ आलं.
आणि मग ती,
पाय छताला, डोकं खाली, निऱ्या सावरत,
पलीकडच्या फाटकाशी.

कडी वाजली.
ती सुलट.