रकाना

सकाळी साडेआठला मी पट्टा सुरू करून बघते.
रिकामाच घरघरतो, थांबतो.
मग दिवसभर माणसं त्यावर चालतात
आणि कुठेच पोचत नाहीत.
टिळक रोडच्या मागे, दुसरा मजला, हे माझं काम :
छातीवर दहा चिकट्या, दंडाला पट्टी,
दर तीन मिनिटांनी चढ वाढेल
हे आधीच सांगायचं, म्हणजे घाबरत नाहीत.

मंगळवारी परचुरे आले. वय एकाहत्तर.
पर्वती रोज, पाऊस असो नसो;
कुठल्या पायरीवर कोण टेकतं, त्याची वही ठेवलीय.
नऊ मिनिटं चालले, बोलत चालले,
उतरताना म्हणाले, तुमचा पट्टा जरा मंदच आहे.
आलेख स्वच्छ,
हुशार मुलाच्या शुद्धलेखनासारखा.

त्यांच्यामागून लिंबाजी कोंढाळकर.
बावन्न. मार्केट यार्ड, भुसार.
फॉर्म मीच भरते.
व्यायाम करता का? हो किंवा नाही.
हसले. "व्यायाम कुठला ताई, वेळ कुठंय."
मी पेन 'नाही'वर टेकवलं
आणि सदरा काढल्यावर खांदा दिसला.
कातडी घट्ट, काळपट,
जुन्या चपलेच्या टाचेसारखी.
"दिवसाला पोती किती?"
"मी नाय मोजत. तोलणार मोजतो."
मग जेल लावताना आपणहून,
"दीडशे धरा. साखरेची गाडी आली तर जास्त."
त्याला रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीने लिहिलं.

पहिल्या चढाला त्यांनी मान खाली घातली,
कंबरेत वाकले,
आणि डावा हात मानेमागे गेला,
नसलेलं पोतं सावरायला.
"काका, सरळ चाला. हात मोकळे."
"बरं."
चार पावलं सरळ. पुन्हा हात मागे.
पाचव्या मिनिटाला पडद्यावरची रेघ खचली,
मी लाल बटण दाबलं.
ते उतरेनात.
"जातो की अजून. एवढ्यात कुठं."

डॉक्टर म्हणाले, कामातली मेहनत निराळी.
दम लागला तरी तिथे थांबता येत नाही,
दाब चढतो तो चढूनच राहतो,
रात्री झोपेतही पुरता उतरत नाही.
रोज अर्धा तास चाला. रिकाम्या हाताने. आवडेल तिथे.
कोंढाळकर माझ्याकडे बघत राहिले,
मी सोपं करून सांगेन म्हणून.
तीस वर्षं उचललं ते मग कुठं जमा झालं,
हे त्यांनी विचारलं नाही.
मलाही विचारायचं होतं.
फॉर्म फाइलला लावला.

त्या रात्री मी बादलीत पाय बुडवून बसले.
नवरा म्हणाला, दिवसभर उभीच असतेस,
तुला आणखी कशाला हवंय चालणं?
पाणी निवेपर्यंत मला उत्तर आलं नाही.

चार महिन्यांनी ते परत आले. आत एक स्टेंट,
खिशात गोळ्यांची डबी.
आता काट्यापाशी बसून नोंदी करतात,
पैसे निम्मे.
"तळजाईला जातो ना आम्ही. मी आन् हौसा.
पयल्या दिवशी हाताचं काय करावं तेच कळंना.
लोकं बघत्यात असं वाटायचं,
हा बाबा कामाबिगर का चाललाय.
मग हौसानं पिशवी दिली धरायला."
थोडं थांबून म्हणाले, "रिकामी व्हती पिशवी."
आणखी एकदा म्हणाले, रिकामी.
मी वीस मोजत दाबाची पट्टी सोडली.

नवा फॉर्म. व्यायाम करता का?
"आता करतो," म्हणाले,
परीक्षेत पहिलंच उत्तर आल्यासारखे.
मी 'हो'वर खूण केली.
खालच्या जुन्या कागदावर पेन्सिलीतलं 'पोती दीडशे'
अजून पुसट दिसत होतं.

पट्टा सुरू झाला.
चढ आला तसा डावा हात उचलला गेला.
मी काही बोलले नाही.
मानेवरून एकदा फिरला,
घाम पुसला,
आणि खाली येऊन झुलायला लागला.